पैसे वसूल झाले का?

लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, परवा तर दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसले होते तिथंसुद्धा, प्रश्न तोच. "बाई, तुम्ही वेरूळकडच्या त्या मोठ्या रिसॉर्टला राहून आलात ना? खरं सांगा, पैसे वसूल झाले का?" विचारणाऱ्यांत बरेचसे माझे जुने विद्यार्थी असतात, आता आपल्या आईवडिलांना कुठंतरी न्यावं असं वाटणारे. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं. "छान आहे" म्हटलं तर पुरतं खरं नाही, "कशाला जाता" म्हटलं तर तेही खरं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

आम्ही गेलो ते 2024 च्या मे महिन्यात. लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून मुलानं पुण्यातून परस्पर दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. लातूरहून बीडमार्गे सकाळी लवकर निघालो आणि दौलताबाद मागं टाकून दुपारी पोहोचलो. एका रात्रीचे 11,000. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला जीएसटी 18 टक्के, म्हणजे 12,980. दोन रात्रींचे 25,960. त्यात फक्त सकाळचा नाश्ता, जेवण वेगळं. खोली दुपारी दोनला मिळते आणि अकराला सोडावी लागते. म्हणजे दोन दिवस म्हणतात ते प्रत्यक्षात 45 तास. तासाला साधारण पावणेसहाशे रुपये. मी तीस वर्षं गणित शिकवलंय, हा आकडा मला गाडीतच दिसला आणि शेवटपर्यंत डोळ्यांपुढून गेला नाही.

स्वागत, सरबत, कपाळाला गंध, हे सगळं असतं तसंच. खोली मोठी, स्वच्छ. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखी आहे ती न्हाणी. आमच्या लातूरच्या घरातल्या स्वयंपाकघराएवढी. वर छताला ताटाएवढा शॉवर, एका बाजूला पांढरा टब. आणि एवढ्या सगळ्यात बादली नाही. तांब्याही नाही, मग्गाही नाही. मी फोन करून बादली मागितली. दहा मिनिटांत एक मुलगा निळी प्लास्टिकची बादली आणि मग्गा घेऊन आला. चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता "अजून काही लागलं तर सांगा, काकू" म्हणाला. हे मला फार आवडलं. मग मी ती पंधरा लिटरची बादली शॉवरखाली ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. सव्वा मिनिटात भरली. मिनिटाला बारा लिटर. दहा मिनिटं माणूस त्याखाली उभा राहिला तर 120 लिटर गेले. टब तर काठोकाठ भरायचा म्हटलं तर आमच्या अंगणातलं एक निळं बॅरल रिकामं होईल.

हे मी मोजत का बसले, ते लातूर बाहेरच्यांना सांगावं लागेल. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर कधी येणार याची खात्री नसे. धुण्याचं पाणी संडासाला, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, हे तेव्हा अंगात मुरलं ते आजही तसंच आहे. "आत्ता येऊ नका" असं मी त्या वर्षी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं होतं. ती आलीच नाही, आणि मला ते अजून टोचतं.

तर अशा बाईला मे महिन्यात पोहण्याच्या तलावासमोरची खोली मिळाली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी तलावाच्या कडेनं पावलं टाकली. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. अडीच लाख लिटर. लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीच्या बरोबर निम्मे. तलावाची देखभाल करणारा पोरगा जाळीनं पानं काढत होता. त्याला विचारलं, हे पाणी रोज बदलता का? "नाही काकू, बदलत नसतात. तेच फिरवतो. पंपानं ओढायचं, वाळूच्या फिल्टरमधून काढायचं, क्लोरिन टाकायचं, परत सोडायचं." मग थोडं थांबून म्हणाला, "पण उन्हाळ्यात रोज बोटभर उतरतं. ऊन पिऊन टाकतं." बोटभर नको, एक सेंटीमीटरच धरा. दोनशे चौरस मीटरवर तो सेंटीमीटर म्हणजे दिवसाला दोन हजार लिटर वाफ. दहा बॅरलं. कुणी पोहो, न पोहो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सवयीनं जाग आली. बाहेर फिरायला निघाले तर मागच्या फाटकातून टँकर आत येताना दिसला. हिरवळीच्या पलीकडं, मेंदीच्या उंच कुंपणाआड. पाइप जोडला, मोटार सुरू झाली, जोडावरून पाण्याची धार खालच्या मुरुमावर पडत राहिली. तिथं ओल्या जागेत चिमण्या जमल्या होत्या. मी फिरून येईतो दुसरा आला. साडेसहापर्यंत चार मोजले. त्या महिन्यात मराठवाड्यातली शेकडो गावं टँकरवर होती आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा, तळ वर्तमानपत्रात रोज फोटोत दिसत होता.

खोली आवरायला जी मुलगी आली ती जवळच्याच खेड्यातली. आधी "मॅडम" म्हणत होती. मी लातूरची, गणिताची बाई आहे म्हटल्यावर "काकू" वर आली. तिला विचारलं, गावाला पाणी कसं आहे? चादरीचं टोक गादीखाली खोचता खोचता म्हणाली, "आमच्या गावाला बी टँकरच हाये. दिवसाआड येतो. हिरीत सोडून देतात, मग ज्याचं त्यानं शेंदून घ्यायचं. माझी आई नंबर लावती, मी इकडं येती." चादर तिनं अशी ताणली होती की एक सुरकुती नव्हती. तिच्या बोटांच्या पेरांना साबणानं चिरा पडल्या होत्या. तिला रोज किती खोल्या? चौदा. रागानं किंवा रडून नाही, नुसतं सांगितलं तिनं. पगार वेळेवर होतो, गाडी घ्यायला येते, हेही तिनंच आपण होऊन सांगितलं, आणि मीही ते इथं सांगायला हवं.

खोलीत एक कार्ड ठेवलेलं असतं. चादर-टॉवेल बदलायचे नसतील तर ते कार्ड गादीवर ठेवा, पाणी वाचवा. मी ते ठेवलं. संध्याकाळी फिरून आलो तर सगळे टॉवेल बदललेले. एकदाच हात पुसलेला टॉवेलसुद्धा धुण्यात गेला होता. खाली जाऊन व्यवस्थापकाला सांगितलं. तरुण माणूस होता, वाद घातला नाही, वहीत लिहून घेतलं. म्हणाला, पाहुण्यांनी तक्रार करू नये म्हणून मुलं घाबरून बदलून टाकतात. हिरवळीला मात्र सांडपाणीच शुद्ध करून देतो, असंही त्यानं सांगितलं. ते खरं असेल तर चांगलंच आहे. पण एक एकर हिरवळीला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे सोळा ते वीस हजार लिटर, आणि तिथं माझ्या अंदाजानं दोन एकर तरी हिरवळ होती. त्या जागी कडुनिंब, बहावा, सीताफळ लावलं असतं तर सावलीही झाली असती. बालाघाटावर सीताफळाला कोण पाणी घालतं?

जेवणाबद्दल लोक हमखास विचारतात. पहिल्या रात्री पस्तीस-चाळीस पदार्थ मांडले होते. पास्ता, पनीर तीन प्रकारचं, चिनी नूडल्स. दोघांचं बिल दोन हजारांच्या पुढं. चव वाईट नव्हती, पण हे जेवण नागपूरलाही असंच मिळालं असतं आणि जयपूरलाही. मराठवाड्यात आहोत हे त्या ताटावरून कळायला काही मार्ग नव्हता. शेंगदाण्याची चटणी नाही, येसर नाही, धपाटं नाही. छत्रपती संभाजीनगर इतक्या जवळ, आणि तिथला नान खलियासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी यांनी वाढणाऱ्याला सहज विचारलं, भाकरी होईल का? तो आत गेला, पाच मिनिटांनी आला आणि म्हणाला, "स्टाफच्या मेसमध्ये ज्वारीची होते, चालेल का?" चालेल काय! गरम, पापुद्रा सुटलेली, एका कडेला किंचित करपलेली भाकरी आली. सोबत डाळ घालून केलेली अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. दोन दिवसांतलं सगळ्यांत चांगलं जेवण ते. त्याचे पैसे लावले नाहीत. हे जेवण मागच्या खोलीत ठेवण्यासारखं नाही, पुढच्या टेबलावर मांडा आणि खुशाल पैसे घ्या, असं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन.

हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस-बत्तीस वर्षं रात्रपाळ्या. निवृत्त झाल्यावरही झोप तुटकच. त्या खोलीत पहिल्या दुपारी अडीचला पडले ते सातला उठले. कूस बदलली नाही. मी शेजारी बसून बघत होते. आणि रात्री मीसुद्धा झोपले, कशी झोपले ते मला नंतर उमगलं. लातूरला माझे कान झोपेतही नळाकडं असतात. पाण्याची वेळ ठरलेली नसते. तोटीतून आधी हवा फुसफुसते, तो आवाज आला की मी अंधारात चप्पल न शोधता उठते, मोटार लावते, बॅरलं भरते. इतकी वर्षं हे चाललंय. त्या खोलीत ऐकायला काही नव्हतं. नळ कधीही सोडला तरी पाणी होतं. लोक म्हणतात तिथं गादी मऊ असते म्हणून झोप लागते. गादी माझ्या घरचीही बरी आहे. मला झोप लागली ती कान मोकळे होते म्हणून.

शेवटच्या रात्री मी शॉवरखाली उभी राहिले. मोजलं नाही. चार मिनिटं असेल, पाच असेल. पाणी कोमट होतं, दिवसभराच्या उन्हानं टाकीतच तापलेलं. बरं वाटलं. बाहेर आले तेव्हा त्या मुलीची आई नंबरात उभी असेल हेही डोक्यात होतं. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

त्या मुक्कामात मंगळवार आला आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सोमवारी. बुकिंग करताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मंगळवारी आम्ही देवगिरीच्या किल्ल्यावर गेलो. यांचे गुडघे हत्ती हौदापर्यंतच चालले, आणि तेवढं पुष्कळ झालं. प्रचंड दगडी टाकं, तळाला थोडंसं पाणी, उरलेला कोरडा दगड. छत्रपती संभाजीनगर शहरात मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर आणली, पाणचक्कीचं जातं डोंगरातून मातीच्या नळांनी आलेल्या पाण्यावर फिरायचं. या भागात राहायचं तर आधी पाण्याची सोय करायची, हे त्या माणसांना ठाऊक होतं. बुधवारी उजाडताच वेरूळ गाठलं. कैलास लेण्याच्या अंगणात आम्ही दोघंच, आणि एक झाडूवाली. वरून खाली कोरत आलेला तो अख्खा डोंगर बघताना यांनी माझा हात धरला. चाळीस वर्षांत चारचौघांत धरला नव्हता. नऊला परतलो, नाश्ता केला, अकराला खोली सोडली.

तर पैसे वसूल झाले का? झोपेचे झाले. वेरूळच्या पहाटेचे झाले, कारण लातूरहून निघून ती पहाट गाठता येत नाही. बादली आणून देणाऱ्या मुलाच्या आणि चादर घालणाऱ्या मुलीच्या कष्टांचे तर आम्ही कमीच दिले असं वाटतं. तलावाचे, हिरवळीचे आणि त्या चाळीस पदार्थांचे नाही झाले.

तुम्हाला आईवडिलांना न्यायचं असेल तर न्या, जरूर न्या. पण मे महिन्यात नको. गणपती झाल्यावर जा, म्हैसमाळ हिरवं असतं, वेरूळला सीता की न्हाणीचा धबधबा चालू असतो आणि दारामागं टँकरही नसतात. एक रात्र पुरे. तलावाकडची खोली महाग असते, डोंगराकडची घ्या. बुकिंगच्या वेळी फोनवर विचारा, पाणी कुठून येतं, सांडपाण्याचं काय करता. पाहुणे विचारायला लागले की मालकांना उत्तर तयार ठेवावं लागतं. टॉवेल बदलू नका हे नुसतं कार्ड ठेवून नाही, खोली आवरणाऱ्या मुलीला तोंडानं सांगा, म्हणजे तिला भीती राहत नाही. आणि आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात निरोप द्या, सकाळी भाकरी हवी म्हणून. मेसमध्ये ती रोज होते.