पॉट फिरवून एलईडीचा उजेड कमी-जास्त: ट्रान्झिस्टरच्या जोडणीचा माझा अनुभव

पलंगाशेजारच्या दिव्यासाठी तीन पांढरे एलईडी एकापुढे एक जोडून १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवायचे होते, उजेड पॉटने (खुंटी फिरवून बदलायच्या, तीन टोकांच्या रोधाने) कमी-जास्त करायचा होता. यासाठी नेहमी दिसणारी जोडणी अशी: पॉटची दोन टोकं १२ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं टोक १० किलोओहमच्या रोधातून बीसी५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला (करंट नियंत्रित करणारा पाय), एमिटर (करंट बाहेर पडणारा पाय) थेट ग्राउंडला. दिवे लागतात, पण नियंत्रण हाती येत नाही. मधल्या टोकावर ०.६ व्होल्टपर्यंत काहीच घडत नाही. गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट ट्रान्झिस्टर सोडतो ते, ३०० धरला, तर २० मिलिअँपिअरसाठी बेसला सुमारे ०.०७ मिलिअँपिअर पुरतो, म्हणजे १० किलोओहमवर ०.७ व्होल्ट. थोडक्यात १२ पैकी जेमतेम पाऊण व्होल्टात सगळा खेळ आटोपतो आणि उरलेला पॉट नुसताच फिरतो. त्यात बीसी५४७ चा गेन नगागणिक ११० पासून ८०० पर्यंत काहीही असू शकतो. ट्रान्झिस्टर बदलला की उजेडही बदलतो.

म्हणून रोध बेसऐवजी एमिटरखाली घेतला. आता एमिटरचा व्होल्टेज बेसपेक्षा साधारण ०.६५ ने कमी राहतो आणि करंट ठरतो तो एमिटरच्या व्होल्टेजला त्या रोधाने भागून. गेनचा संबंध जवळपास संपतो.

मी वापरलेल्या किमती: एमिटर ते ग्राउंड १०० ओहम, पाव वॉट. पॉट १ किलोओहम, लिनिअर; दुकानात ‘बी१के’ मागायचा. पॉटचं वरचं टोक ४.७ किलोओहममधून १२ व्होल्टला. खालचं टोक १एन४१४८ डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) ग्राउंडला, डायोडचा पट्टा ग्राउंडकडे. मधलं टोक थेट बेसला. एलईडींचं धन टोक १२ व्होल्टला, ऋण टोक कलेक्टरला (ट्रान्झिस्टरचा करंट आत घेणारा पाय). बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या नंबरचा ट्रान्झिस्टर घातलात तर पायांचा क्रम आधी तपासा, तो उलटा असू शकतो.

पॉट पूर्ण वर नेला की बेसवर सुमारे २.५५ व्होल्ट, १०० ओहमवर १.९, म्हणजे १९ मिलिअँपिअर. एलईडी ९.३ व्होल्ट खातात, ट्रान्झिस्टरसाठी ०.८ उरतो. तेवढा पुरतो आणि ट्रान्झिस्टर गारच राहतो. चौथा एलईडी या मालिकेत बसणार नाही, १२ व्होल्ट अपुरे पडतात.

डायोड का, तर पॉटचा तळ ०.६ व्होल्टच्या आसपास उचलला जाऊन सुरुवातीचा मेलेला भाग जावा म्हणून. तो नसला तर पॉटचा पहिला पाव हिस्सा वाया जातो. डायोड असला की पॉट तळाला नेऊनही एलईडी अंधुक जळत राहतात. मला रात्री तेवढाच उजेड हवा होता. पूर्ण बंद करायचे असतील तर स्विच असलेला पॉट घ्या.

१० किलोओहमचा पॉट हाताशी आहे म्हणून तोच लावू नका. वरचा ४.७ किलोओहमचा रोधही त्याच प्रमाणात वाढवला, तर बेसच्या करंटनेच व्होल्टेज खाली ओढला जातो आणि गेन पुन्हा मध्ये येतो.

बिघाड शोधताना: पॉट कुठेही असो, दिवे पूर्ण जळतात, तर डायोड उलटा बसलाय किंवा पॉटचं खालचं टोक सुटलंय. या अवस्थेतही १०० ओहममुळे करंट २६ मिलिअँपिअरच्या आसपास अडतो, लगेच काही जळत नाही. पूर्ण वर नेऊनही उजेड अंधुकच, तर कलेक्टर-एमिटरची अदलाबदल झाली आहे. पॉट फिरवताना लुकलुक होत असेल तर पॉटमधल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ असते. बेस आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ती बरीच दबते.

हीच जोडणी पाच मीटरच्या एलईडी पट्टीला लावायचा मोह टाळा. मीटरला ६० एलईडींची साधी पट्टी पूर्ण जळताना २ अँपिअर घेते आणि बीसी५४७ ची मर्यादा ०.१ अँपिअर आहे. मोठा ट्रान्झिस्टर घेतला तरी अर्ध्या करंटवर त्यात दीड-दोन वॉट उष्णता होते, म्हणजे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) आलाच. तिथे ५५५ (टायमर चिप) आणि मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) यांचा पीडब्ल्यूएम सर्किट, म्हणजे वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणारा, परवडतो.