ताडपत्रीचं बिल

बोटीच्या तळाला काय चिकटलंय ते बघायचे मला पैसे मिळतात. नातेवाइकांना वाटतं मी समुद्रात बुड्या मारते. प्रत्यक्षात मी उचलून ठेवलेल्या बोटीखाली उकिडवी बसून, तोंडात टॉर्च धरून, कुठल्यातरी भोकात करंगळी घालत असते.

तळाचा सपाट भाग कोणीही बघतो आणि तो बघून काही कळत नाही. तिथे रंग शाबूत असतो, चालत्या बोटीला पाणी घासून जात असतं. जीव जाऊन बसतात ते अडचणीच्या जागी. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारी भोकं आणि त्यांच्या जाळ्या, पंख्याचा शाफ्ट बाहेर येतो तिथली फट, सुकाणूच्या वरची खाच, नांगराच्या साखळीचा कप्पा. शिवाय मागच्या खेपेला बोट ज्या लाकडी ठोकळ्यांवर टेकवली होती ते चौकोन. ठोकळ्याखाली ब्रश जात नाही, म्हणून तिथे अँटीफाउलिंग रंग (जीव चिकटू न देणारा) लागत नाही, आणि बार्नेकल, म्हणजे चुनखडी कवचाचे चिकटून बसणारे जीव, नेमके त्या चौकोनाच्या कडा राखून वाढतात. आधीच्या यार्डाने ठोकळे हलवून दुसरा हात मारला होता की नाही, हे मी तेवढ्यावरून सांगू शकते. बहुतेक वेळा मारलेला नसतो.

गोष्ट एप्रिलमधली आहे. ४२ फुटी शिडाची बोट, मालक मुंबईचे, पण बोट दोन पावसाळे कोचीच्या खाजणात नांगरून पडलेली. मुंबईतल्या बऱ्याच हौशी मालकांचं असंच होतं. चार रविवार मांडव्याला जाऊन येतात, फोटो काढतात, मग बोटीचं भाडं टोचायला लागतं आणि ती कुठेतरी स्वस्तात बांधून ठेवतात. ही बोट आता एका ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकाला विकली होती आणि डार्विनला पोचवून द्यायची होती. त्यासाठी नेमलेला स्किपर, म्हणजे बोट नेणारा कप्तान, नौदलातून निवृत्त झालेला, मालवणकडचा. मला बोलावलं त्याने, मालकांनी नाही. फोनवर म्हणाला, "मॅडम, पाइप खोलून बघायचे. मालक म्हणतील वरवर बघा. त्यांचं ऐकू नका."

डार्विनचं नाव काढलं की स्किपर लोक सरळ होतात, त्याला कारण आहे. तिथे भरती-ओहोटीत आठ मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणून बोटींची बंदरं दारं लावून बंद करतात, आतलं पाणी आतच राहतं. मार्च १९९९ मध्ये अशाच एका बंदिस्त मरिनात, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरात, काळ्या पट्ट्यांची एक बारीक शिंपली सापडली. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत ती नव्हती. आता एकेका चौरस मीटरला हजारोंनी होती. त्यांनी तीन मरिना सील केल्या, पाण्यात टनावारी क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आतलं जे काही जिवंत होतं ते सगळं मारलं आणि मधल्या काळात तिथून निघून गेलेल्या शेकडो बोटी शोधून काढल्या. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. शिंपली मात्र नष्ट झाली. तेव्हापासून परदेशातून आलेली बोट त्या दारातून आत घ्यायच्या आधी पाणबुड्या तळ तपासतो आणि बोटीच्या पाइपांत औषध भरून ठेवतात.

ती शिंपली, मायटिलॉप्सिस, मूळची कॅरिबियन बाजूची. आपल्याकडे ती १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, आधी विशाखापट्टणमला, मग मुंबईच्या गोदीत. आपण काय ओतलं? काही नाही. ती आता इथलीच झाली आहे.

दंडाच्या बाबतीत बाहेर चेष्टा चालत नाही. ऑस्ट्रेलियात जून २०२२ पासून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला तळाच्या स्वच्छतेची माहिती आधी कळवावी लागते: एक तर देखभालीची पक्की योजना आणि नोंदवही दाखवा, नाहीतर पोचायच्या आधीच्या ३० दिवसांत तळ साफ केल्याचा पुरावा द्या, नाहीतर आधी मंजूर करून घेतलेला तिसरा मार्ग. खोटी माहिती दिली तर प्रकरण वेगळं. २०२२ संपता संपता 'वायकिंग ओरायन' ही शेकडो प्रवाशांची क्रूझ तळाला चिकटलेल्या जीवांमुळे न्यूझीलंडच्या बंदरांना मुकली आणि ॲडलेडबाहेर खोल समुद्रात तळ साफ करत थांबून राहिली. अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यात बोट ट्रेलरवर घालून नुसती रस्त्यावर आणली आणि तळाचं बूच काढून पाणी सांडलेलं नसलं, तरी दंड होतो. बूच! आपल्याकडे टँकर रस्त्यावर पाणी सांडत जातो तर लोक बादल्या घेऊन मागे धावतात.

शिडावर मुंबई ते डार्विन, वाटेत थांबत, ३० दिवसांत होत नाही. म्हणजे इथली सफाई पुराव्याला पुरत नाही, मध्ये कुठेतरी परत करावी लागते. पण नोंदवही इथूनच सुरू होते, आणि तिच्या पहिल्या पानावर माझी सही लागते.

पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. खाडीकाठच्या त्या यार्डाची स्लिप, म्हणजे बोट पाण्यातून ओढून घ्यायचा उतार, उथळ आहे. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत खोल कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) बोटीला तिथवर पाणीच मिळत नाही. म्हणून उधाण धरून, दुपारी साडेबाराला कोचीहून आणलेली बोट ट्रॉलीवर बसवली, विंचने ओढली आणि पाणी उतरायला लागलं तसा तळ दिसायला लागला. वॉटरलाइनखाली दोन वर्षांचं कोची लटकत होतं. वर शेवाळ, त्याखाली बार्नेकल, पांढऱ्या नळीतले किडे आणि कीलच्या मागच्या बाजूला शिंपल्यांचे हाताच्या पंजाएवढे घोस.

मी भिंग काढलं. मायटिलॉप्सिस ओळखायला सोपी: शिंपली उघडून चोचीच्या, म्हणजे निमुळत्या टोकाच्या आत बघायचं, तिथे एक इवलीशी फळी असते. टॉयलेटच्या पाइपात ती निघाली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ती निघणारच होती. पण कीलवरचे घोस वेगळे होते. लांबट, तपकिरी-काळ्या, काहींवर नागमोडी रेघा, चोचीत फळी नाही आणि आतून जांभळट झाक. आपल्या हिरव्या शिनाण्यांची पिल्लं म्हणून कोणीही सोडून दिली असती. चारू शिंपली. मूळची दक्षिण अमेरिकेची, केरळात २०१९च्या सुमारास ओळख पटलेली. तिथल्या अष्टमुडी कायलातल्या (खाजणातल्या) तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, भारतातलं पहिलं. त्याच कायलात ही गच्च पसरली. मी डबी भरून एका प्राध्यापक मैत्रिणीला पाठवली. तिनेही तेच नाव सांगितलं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं टाकली.

मी डबीवर तारीख लिहीत होते तोवर यार्डाच्या पोरांनी खरवडायला सुरुवात केली होती. घोसच्या घोस खाली चिखलात पडत होते. निवट्या बाजूला उड्या मारून जागा करून देत होत्या. पलीकडच्या खडकांवर दोन बायका ओहोटीची कालवं फोडत बसल्या होत्या.

"मामा, थांबवा जरा," मी मुकादमाला म्हटलं. "हे चिखलात नको. ताडपत्री आहे ना?"

"ताडपत्री हाय, पन ती पावसाची. आणि हा दर्याचाच कचरा ना मॅडम? दर्याचा दर्याला."

मी सांगितलं. ही इथली नाही, जिवंत आहे, ओरबाडल्यावर तिथल्या तिथे अंडी सोडू शकते, मध्यरात्री पाणी इथवर येणार आणि घेऊन जाणार. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मुकादम मूर्ख माणूस नाही. या खाडीतली तिवरं आणि मासळी गेल्या चाळीस वर्षांत कशी कमी झाली ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऐकून एकच प्रश्न विचारला: "दंड किती?"

माझ्याकडे आकडा नव्हता. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने ६२अ हे कलम आलं, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. परक्या आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार, त्या बाळगणं, त्यांचा प्रसार, यांवर केंद्र सरकार नियम करून बंधनं घालू शकतं. घालू शकतं. या यार्डात, या चिखलात, या मुकादमाला उद्या कोण येऊन पावती फाडेल, याचं उत्तर त्यात नाही. तरी मी फोन लावले. एका कार्यालयाने मासळीवाल्यांकडे जा म्हटलं, त्यांनी बंदरवाल्यांकडे, तिथल्या बाईंनी फार आपुलकीने विचारलं, "शिंपल्या खायच्या आहेत का विकायच्या?"

पण मला राग आला तो या कुणाचा नाही. खरं सांगायचं तर स्किपरचा.

त्या माणसाचं काम बघण्यासारखं होतं. एकेक सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी) खोलला, गाळण्या काढल्या, इंजिनच्या पाण्याचा पाइप जागेवर साफ होत नाही म्हणून सरळ कापून नवा घातला. टॉयलेटच्या पाइपातून निघालेला सगळा ऐवज एका निळ्या बादलीत जमा केला. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, तारीख दिसेल असा, नोंदवहीसाठी. डार्विनची १९९९ची हकिगत मी वर लिहिली, त्यातले बरेच तपशील मला पहिल्यांदा त्यानेच सांगितले होते. आणि फोटो काढून झाल्यावर त्याने बादली उचलली, स्लिपच्या टोकाला गेला आणि पाण्यात उलटी केली. मग धुतली आणि परत आणून जागेवर ठेवली.

मी बघत राहिले. तो म्हणाला, "डार्विनला विचारतील ते पाइपांचं, मॅडम."

त्यात उर्मटपणा नव्हता, लाजही नव्हती. हेच मला अजून सुटत नाही. मुकादमाला सांगावं लागलं, बाईंना माहीतच नव्हतं, मालकांना ऐकायचंच नव्हतं, ते समजतं. पवईच्या तलावात घरच्या टाकीतले मासे सोडून पुण्य कमावणारे लोक आहेत, त्यांना तरी काय बोलणार. पण या माणसाला सगळं पाठ होतं. एका शिंपलीने तीन बंदरं बंद पडतात हे माहीत असलेल्या हातानेच ती बादली ओतली गेली. नौदलातली शिस्त त्याच्या नोंदवहीत पानापानावर दिसते. चिखलासाठी नोंदवहीत रकाना नाही.

शेवटी ताडपत्री आली ती पैशाने. मी मामांना म्हटलं, बिलात लावा, 'कचरा उचलणी व ताडपत्री', मालकांशी मी बोलते. मामा लगेच हलले. पोरांनी दोन ताडपत्र्या अंथरल्या, फावड्याने चिखलातले घोस वर ओढले, गोणी भरायला घेतल्या. ट्रॉलीच्या चाकांखाली गेलेलं निघत नव्हतं. स्किपरही फावडं घेऊन आला, कोणी न सांगता, आणि तासभर घाम गाळला. त्यामुळे माझा राग धड टिकलाही नाही. रात्री अकराच्या सुमारास पाणी ट्रॉलीच्या मागच्या चाकाला लागलं तेव्हा आम्ही थांबलो. उरलेलं गेलं.

गोणी समुद्रापासून लांब, सिमेंटच्या आवारात उघड्यावर पसरल्या. धुऊन उपयोग नव्हता. या जातींना निमखारं पाणी चालतं, मायटिलॉप्सिसला तर गोडंही. त्यांना ऊनच लागतं. एप्रिलचं ऊन लागलं तशा चार दिवसांत सगळ्या उघड्या पडल्या आणि अशी घाण सुटली की शेजारच्या गॅरेजवाल्याने पोलिसांत जायची धमकी दिली. कचऱ्याच्या गाडीवाल्याने गोणीत डोकावून विचारलं, "ओला का सुका?" मामा म्हणाले, "आधी ओला व्हता, आता सुका झालाय." गाडीवाला हसला आणि घेऊन गेला.

मी अहवालात एक परिच्छेद घातला: तळावर चारू शिंपली आढळली, काढलेल्या मालापैकी काही भाग भरतीत गेला. मालकांचा फोन आला की गिऱ्हाईक बिचकेल, एवढं वाक्य काढा. मी काढलं नाही. त्यांनी अहवाल घेतला, माझी फी दिली, यार्डाचं बिलही दिलं. फक्त 'कचरा उचलणी व ताडपत्री' या ओळीवर त्यांच्या हिशेबनिसाने लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: आवश्यकता नव्हती.

बोट डार्विनला पोचली. स्किपरचा मेसेज आला: पाणबुड्याला काही सापडलं नाही, पाइपांची तपासणी एका दमात पार पडली, मरिनात जागा मिळाली. खाली उंचावलेला अंगठा.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन होता. पुढच्या उधाणाला कोचीवरून आणखी एक बोट येते आहे, मी येणार का. आणि ताडपत्रीचे मागचे पैसे राहिलेत, तर यावेळी कोणाच्या नावावर लिहायचे? मी म्हटलं, बोट ओढायच्या आधी मालकाकडून आगाऊ घ्या.

"घेतले असते," मामा म्हणाले. "पन मंग तो पलीकडच्या यार्डात जाईल. त्यांच्याकडं ताडपत्रीच नाय."