गाठ मारलेलं पांढरं फडकं

"म्हणजे पैसे दिले की खून माफ?" उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतल्या अरब गावांमधल्या 'सुल्हा'वर, म्हणजे खुनानंतर दोन घराण्यांत समेट घडवण्याच्या रूढीवर, आज तास होता, आणि बाहेरून शिकायला आलेल्या एकाने हे विचारलंच.

प्रश्न चुकीचा नाही, पण क्रम उलटा आहे. पैसा नंतर येतो. आधी आरोपीच्या घरचे 'जाहा'कडे, म्हणजे वजनदार ज्येष्ठांकडे, धाव घेतात. ज्येष्ठ मृताच्या घरी जातात. तिथे पुढे केलेली कॉफी ते मध्यस्थीची मागणी मान्य होईपर्यंत घेत नाहीत! मग 'हुदना', ठरावीक मुदतीचा युद्धविराम. सद्भावनेची रक्कम 'अत्वा'. 'दिया', म्हणजे रक्तमोल, सर्वांत शेवटी.

अखेरच्या दिवशी काठीला पांढरं कापड बांधून मिरवणूक निघते. दोन्ही घरांसमक्ष त्याला गाठी मारतात. मग हस्तांदोलन, कडू कॉफी, एकत्र जेवण.

कुराणातली 42:40 ही आयत बदल्याचा हक्क मान्य करते, पण क्षमा करून समेट करणाऱ्याचं फळ अल्लाहकडे आहे, असंही सांगते. गंमत म्हणजे ख्रिस्ती आणि द्रूझ (तिथला एक वेगळा धर्मपंथ) कुटुंबंही याच वाटेने जातात. कोर्टातला खटला वेगळा चालूच राहतो.

फिसकटतं कुठे? बहुतेकदा हुदनाच्या काळात: एखादा तापलेला चुलतभाऊ, बाजारात झालेली गाठभेट. म्हणून आरोपीच्या नातलगांना अनेकदा गावच सोडायला लावतात, गुन्हा न केलेल्यांनाही.

मला खटकतं ते वेगळंच. समेटाच्या बैठकीत सगळे पुरुष. मृताच्या आईला कोणी विचारलं?