देवगिरीनं उतरून गेटवेच्या लाँचपर्यंत: माझा अनुभव

जालना-परभणीकडून घारापुरीची लेणी बघायला निघताना मी आधी वार बघतो. आपल्याकडं वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. घारापुरीही सोमवारीच बंद असते. बरेच जण वेरूळचा वार धरून चालतात आणि गेटवेवरून परततात.

रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी. क्लोकरूममध्ये सामान ठेवायला प्रवासाचं तिकीट लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. नुसती चेन ओढलेली बॅग किंवा गाठ मारलेली पिशवी घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपं मी घरूनच नेतो. सामान ठेवूनच पुढं जावं. गेटवेच्या आवारात शिरताना बॅगा तपासतात, रांग तिथंच तुंबते.

गेटवे स्टेशनपासून अडीचेक किलोमीटर. हुतात्मा चौक, काळा घोडा, रिगल अशा ओळीनं अर्ध्या-पाऊण तासात पायी होतं. सोबत म्हातारी माणसं असतील तर सरळ मीटरची काळीपिवळी करावी. स्वतःची गाडी घेऊन अलिबागला जाणारे मात्र इथं चुकतात. गाड्या नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरून सुटते. गेटवेवरून मांडव्याला फक्त माणसं जातात, तीही पावसाळ्यात नाहीत.

कमान २६ मीटर उंच, पिवळसर बेसाल्टची, १९२४ साली खुली झाली. आपल्या काळ्या बेसाल्टाची सवय असलेल्या डोळ्यांनी तो दगड जवळ जाऊन जरूर बघावा. सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतो.

आता खरी जोखमीची जागा: लाँचमध्ये पाय टाकणं. ओहोटीला पाणी खाली जातं, खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं. लाँच लाटेबरोबर वरखाली होते, धक्का आणि लाँच यांच्यामधली फट उघडते, मिटते. लाँच वर येऊन पायरीच्या पातळीला आली की त्याच क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना कधीच नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, एक खलाशाच्या हातात. साडी-लुगडं आधीच वर खोचलेलं बरं. लेकरू कडेवर घेऊन चढू नये, आधी खलाशाकडं द्यावं. बसल्यावर लाइफ जॅकेट घालावं, दिलं नाही तर मागून घ्यावं.

तासाभरात बेट येतं. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, पुढं सुमारे १२० पायऱ्या, त्यामुळं गुडघेदुखीवाल्यांनी काठी न्यावी. लाँचचं तिकीट जाऊन-येऊनचं असतं, अर्धा तुकडा फेकू नका. परतीची शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला निघते, आणि बेटावर पर्यटकांना मुक्काम करू देत नाहीत. मी चारच्या आधीच धक्क्यावर येतो. रात्रीच्या देवगिरीआधी सामान सोडवून निवांत जेवायलाही वेळ मिळतो.