गोळी, अलार्म आणि ताईंचा फोन : माझा अनुभव

सुईनं नशा करायच्या नादात होतो तेव्हाच एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. गाव खानापूर तालुक्यात, काम बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत, शिफ्ट बदलती. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी गोळी सरकारी सेंटरात फुकट मिळते, देशात 2004 पासून मिळतेय, आणि आता टीएलडी म्हणजे दिवसाला एकच, टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 सगळं एकातच. ऐकायला सोपं, खरं रोज एका टायमाला घ्यायची म्हणजे आमच्यासारख्याला लई जड.

सेंटरच्या ताई म्हणाल्या गोळीची आठवण करायला मोबाईलवर मेसेज येईल. आला, तो कानडीत. बोलता येतं हो मला, वाचताना अक्षरं जुळवत बसावं लागतं, आणि हा मेसेज शेजाऱ्याला वाचून दाखव म्हणायची सोय नाही! सांगितल्यावर मराठीत चालू केला, औषधाचं नाव नको हेही मीच मागून घेतलं. आता नुसतं "जेवलास काय?" एवढंच येतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं कुणाला एचआयव्ही आहे हे गुप्त ठेवायला पाहिजे वगैरे आहे, खरं फौंड्रीतल्या पोरांना कायदा कोण सांगणार.

दुसरा नंबर पण द्या म्हणाल्या, नशा करणाऱ्याचा फोन हातात टिकत नाही हे त्यांना पाठ आहे, कधी विकतो, कधी गहाण पडतो. मी वैनीचा दिला, तिला आधीच सगळं माहीत होतं म्हणून.

अलार्म, मेसेज ठीक आहे, पण नुसत्या त्यानं भागतंय असं मला वाटत नाही. दक्षिण भारतातच दर आठवड्याला रेकॉर्डेड कॉल आणि चित्राचे मेसेज पाठवून अभ्यास झाला होता, 2014 ला छापून आला, त्यात व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावर, फरक दिसला नाही. मशीनला उलट काय विचारणार? मला विचारायचं होतं, कारण आमच्या कंपूत सगळे म्हणायचे पावडर मारली की त्या दिवशी गोळी घ्यायची नाही, लिव्हर जातं. ताईंचा फोन आला तेव्हा धाडस करून विचारलं. "नशा झाली तरी गोळी घेच. चुकवत राहिलास तर औषधच लागू पडायचं बंद होईल," म्हणाल्या, ओरडल्या नाहीत. विसरली तर आठवल्यावर घ्यायची, खरं दोन एकदम नाही. आणि छातीत जळजळतं म्हणून मी अँटासिड पीत होतो ते ऐकून लगेच अडवलं, गोळी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनी घ्यायची, नाहीतर डोल्युटेग्राव्हिर अंगात नीट शोषलं जात नाही. हे मेसेजमध्ये कुठं येणार होतं?

सहा महिन्यांनी व्हायरल लोड केलं, दबलाय. नशेचं अजून मागंपुढं चालूच आहे, तरी ताईंचा पहिला प्रश्न गोळीचाच असतो. कुणी नवीन सुरू करणार असाल तर नंबर बदलला की आधी सेंटरला कळवा बघा, आणि लाज वाटत असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, तो फुकट आहे.