स्टिक लाटून बघणारा माणूस

पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावर काठीनं चेंडू ढकलायचा खेळ, खेळायला गेलो की मी आधी स्टँडवरच्या स्टिका एकेक करून टेबलावर लाटून बघतो, पोळी लाटतात ना तशा. वाकडी असली की टोक उड्या मारतं, लगेच कळतं. मित्र वैतागतात, अरे तासाचे पैसे चालू झालेत! पण पाचसहा बघितल्यावर एखादी सरळ निघते आणि मग बघायची टिप, म्हणजे टोकाचा तो साधारण 13 मिलिमीटरचा चामड्याचा तुकडा, तो झिजून गुळगुळीत झाला असेल आणि चॉक, म्हणजे टिप घसरू नये म्हणून लावतात तो खडू, धरत नसेल तर बाकीची स्टिक सोन्याची का असेना, नेम घसरणारच. आमच्यासारख्यांची पारख इथंच संपते.

स्टिका जमवणाऱ्यांचं जग वेगळंच. तिकडे अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का नावाचा कारागीर होता, जन्म रशियातला, लहानपणी न्यूयॉर्कला आला, सुतारकाम करायचा, 1959 मध्ये ब्रुकलिनमध्ये भागीदारीत पूलचा अड्डा घेतला आणि तिथं स्टिका दुरुस्त करता करता स्वतः बनवायला लागला, सुरुवातीला तर मित्रांना नाताळची भेट म्हणून. 1975 मध्ये गेला. आज त्याची स्टिक हजारो डॉलरला जाते, आणि त्यातल्या बऱ्याच जुन्यांवर नावच नाही त्यामुळे खरी कुठली नि खोटी कुठली हे ठरवायला जाणकार गाठावा लागतो. 1986 च्या 'द कलर ऑफ मनी' सिनेमात जी बालाबुश्का म्हणून मिरवली ती पण खरी नव्हतीच, जॉस कंपनीची होती!

गंमत म्हणजे खेळणारा जे जे करतो त्यानं जमवणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. शाफ्ट, म्हणजे स्टिकचा पुढचा निमुळता भाग, हाताला चिकट लागायला लागला की आपण पॉलिश पेपर मारतो, तो दरवेळी केसभर बारीक होतो. मुठीवरचा लिननचा दोरा मळला की नवीन गुंडाळतो. त्यांना मात्र तोच मळका दोरा हवा, शाफ्ट मूळचाच हवा, तोही मूळच्या जाडीचा, थोडक्यात कोणी फारसं खेळलेलंच नको. आपल्या मिरजेचा तंबोरा बरा, वाजेल तसा मुरतो म्हणतात. आता बिनवाजवलेला तंबोरा कोण कौतुकानं दाखवेल?

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बालाबुश्काच्या सुरुवातीच्या बऱ्याच स्टिकांचं मागचं लाकूड ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्टचं होतं, आणि टायटलिस्ट म्हणजे काय तर क्लबात कोणीही उचलावी अशी स्टँडवरची स्टिक. म्हणजे आज काचेत ठेवलेल्यांपैकी एखादीचं लाकूड कधीकाळी कोणा पोरानं लाटून बघून, नको ही, म्हणून परतही ठेवलं असेल.

असो, एवढं सगळं मी मित्राला सांगेपर्यंत शेजारच्या टेबलवाल्यानं माझी सरळ स्टिक उचलून नेली. परत लाटणं आलं.