राणी बघायला बोगमाळोला

मागच्या खेपेला आम्ही सोमवारी गेलो आणि बंद गेट बघून परत आलो. म्हणून आधीच सांगतो: गोव्यातल्या बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय सोमवारी बंद असतं.

यंदा मामांना घेऊन गेलो. सांगलीत गॅरेज चालवण्यात त्यांचा जन्म गेलाय. मिरजेहून रात्रीची गोवा एक्सप्रेस धरली की पहाटे वास्को. तिथून संग्रहालय जवळच आहे, दाबोळी विमानतळाला लागून. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. विमानं उघड्यावर आहेत, तेव्हा टोपी-पाणी घ्या आणि सकाळीच उरका.

आम्ही गेलो होतो ते सुपर कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या जुन्या प्रवासी विमानासाठी. डॉल्फिनसारखं वाकलेलं अंग, मागं तीन उभ्या शेपट्या. एकच उंच शेपटी असती तर त्या काळच्या हँगरात मावली नसती. एअर इंडियात या विमानांना राण्यांची नावं होती. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि राण्यांचं राज्य गेलं. मग हवाई दलानं काही घेतली. आपल्या पुण्यात, लोहगावला, सहा नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, ती उडवायची. ओझी वाहायची आणि अरबी समुद्रावर पाळत ठेवायची, १९७१ च्या युद्धातसुद्धा. १९७६ मध्ये ही टेहळणी नौदलाकडे आली, तेव्हा पाच विमानं दाबोळीत आली आणि त्यांच्यावर आयएनएएस ३१२ ही नौदलाची स्क्वाड्रन उभी राहिली. आमच्या समोरचं, आयएन ३१५ नंबरचं विमान त्यांतलंच.

मामा इंजिनाखालून हलेनात. "एकात अठरा सिलिंडर, चारांत बहात्तर! बाळ्या, हे खोलायचं तरी कुठनं?" मी वाचलेलं सांगितलं, की धुराड्यातनं जाणारा गॅस छोट्या टर्बाइन फिरवतो आणि ती ताकद पुन्हा क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला मिळते. मामा म्हणाले, "म्हणजे बिघडायला जागाच जागा." खरंच होतं ते, चारांतलं एखादं इंजिन बंद पडायचंच, म्हणून जगातलं सर्वांत चांगलं तीन इंजिनांचं विमान, अशी याची थट्टा व्हायची.

आम्हाला विमानात चढता आलं नाही. फोटो मात्र मागून, शेपटीकडून काढा. पुढून निम्मी मजा जाते. आतल्या दालनांत विक्रांतची माहिती आहे. तिथं आम्ही घाईच केली, मामांचं लक्ष बाहेर.

परतीची गाडी दुपारची. भडंग सोबत होतंच. घाटात मागून जादा इंजिनं लागली. दूधसागर आला तसा सगळा डबा खिडक्यांशी गोळा झाला. मामा जागेवरच, डोळे मिटून मागच्या इंजिनांचा आवाज ऐकत.